बोटीचं परमिट माझ्या नावावर

आई, तुझ्या जावयाने मला पासष्टाव्या वाढदिवसाला बोट दिली. साडी नाही, कुड्या नाहीत, बोट. गोदावरीतल्या होडीत बसले तरी मला मळमळायचं, हे तुला ठाऊक होतं. त्याला चाळीस वर्षांच्या संसारात कळलेलं नाही. कागदोपत्री बोट माझी, सुकाणू त्याचं. प्लेनो शहरातलं मोठं घर विकून आम्ही टेक्सासच्या किनाऱ्यावर राहायला आलो ते मला निवांत वाचता यावं म्हणून, असं तो सगळ्यांना सांगतो. प्रत्यक्षात दर शनिवारी मी पहाटे उठून आठ जणांची थालीपिठं थापायची, डबे बर्फाच्या पेटीशेजारी रचायचे, आणि प्लेनोहून आलेल्या त्याच्या मित्रांना खोल समुद्रात ट्यूना पकडताना बघायचं. त्यातल्या निम्म्यांना बोट लागते. मलाही लागते, पण बादली धुवायची मीच, कारण मी मालकीण.

निघताना ते मित्र टेबलावर पाकीट ठेवतात. "वहिनी, डिझेलचे." मी एकदा म्हटलं, "भाऊजी, डिझेलचे झाले, थालीपिठांचे?" सगळे खूप हसले. थालीपिठांचं कोणी काही ठेवलं नाही.

या वर्षी परमिट काढायची वेळ आली तेव्हा मी पहिल्यांदा तो फॉर्म स्वतः वाचला. इतकी वर्षं तोच भरायचा आणि सहीपुरतं मला बोलवायचा. मोठ्या माशांसाठी बोटीला दोनपैकी एकच परमिट मिळतं. रिक्रिएशनल घेतलं तर हौस म्हणून मासे पकडा, घरी नेऊन खा, पण माणसं नेण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. चार्टर घेतलं तर पैसे घेऊन माणसं न्या, कॅप्टनचं लायसन्स ठेवा, तसा विमा काढा. लायसन्स त्याच्याकडे आहे. निवृत्तीनंतर परीक्षा देऊन त्याने ते मिळवलं आणि फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. एकदा निवड केली की ती बदलायला दीड महिन्याची मुदत, त्यानंतर वर्षभर तेच. आजवर आम्ही रिक्रिएशनलवर होतो आणि पाकिटं घेत होतो. म्हणजे माझ्या नावावर, माझ्या सहीने, खोटं चाललं होतं.

मी त्याला विचारलं, "अरे, ही माणसं कोण आहेत? मित्र की गिऱ्हाइकं?"

"मित्र गं. काय वकिलासारखं बोलतेस."

"मग पाकीट कसलं?"

"तुला हवं ते टिक कर. माणसं तीच येणार."

आई, तो हे अगदी खरं बोलला, आणि त्याचाच मला संताप आला. कुठल्याही चौकटीत खूण केली तरी पीठ मीच मळायचं. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, इट्स युअर बोट. जस्ट सेल इट." आणि त्याच दमात, "पण बाबांना एकट्याने जाऊ देऊ नकोस हां. ही इज ओव्हर सेव्हन्टी." बोट विकली तर तो दिवसभर खिडकीशी बसून राहील. निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने मी ते पाहिलंय. दुपारी चारला विचारायचा, आज वार कोणता.

तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. बाबांनी बँकेतले दोन तरुण घरी आणून ठेवले, तुला न विचारता. महिन्याचे पैसे घ्यायचे, पण म्हणायचं पाहुणे, कारण आपल्या घराण्यात खाणावळ घालत नाहीत. मी आठवीत होते. कॉन्व्हेंटच्या सिस्टरने वर्गात विचारलं, घरी कोण कोण असतं, तर मी उभी राहून अस्खलित इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे कायम पाहुणे असतात. घरी येऊन तुला हे कौतुकाने सांगितलं. तू पोळी लाटत होतीस. लाटणं थांबवलं नाहीस, वर पाहिलंही नाहीस. "परत त्यांना पाहुणे म्हणू नकोस," तू म्हणालीस. "पाहुण्याला वेळ सांगता येत नाही. पैसे देणाऱ्याला सांगता येते." मला वाटलं, तू खोटेपणावर रागावलीस. तू तुझ्या सुट्टीबद्दल बोलत होतीस, हे समजायला मला आजी व्हावं लागलं.

तुझं ऐकायचं तर चार्टर घ्यायला हवं होतं. वेळ ठरवून, दर ठरवून, जेवण ज्याचं त्याने आणायचं. पण अनोळखी लोकांनी घरी फोन करावा, आणि मी वर्षभर त्यांचे शनिवार लिहून घेत बसावं, या कल्पनेनेच जीव गुदमरला. मी रिक्रिएशनलवर खूण केली आणि पुढच्या पाकिटाला हात लावला नाही. म्हटलं, "भाऊजी, आता कायदा आहे. तुम्ही आमचे पाहुणे. फुकट या, हवे तितक्या वेळा या."

माणूस मोठा मजेशीर प्राणी. फुकट म्हटल्यावर दोनदा आले, मग एकाची कंबर दुखू लागली, दुसऱ्याकडे नातवंडं आली. कोणाला कोणाचं मिंधं व्हायचं नसतं. तिसऱ्या शनिवारी धक्क्यावर आम्ही दोघंच. त्याला एकट्याने जाऊ द्यायचं नाही, म्हणून मी चढले. तेव्हापासून दर शनिवारी आम्ही दोघंच असतो. आधी निदान बादली धरायला आठ जणांची गर्दी असायची. आता बादली माझ्या एकटीच्या मांडीवर. किनारा दिसेनासा झाला की उतरते म्हणायची सोय नाही. तो गळ टाकतो आणि बोलत बसतो, त्याच्या वडिलांबद्दल, पहिल्या नोकरीतल्या अपमानाबद्दल, जे त्याने घरात चाळीस वर्षांत काढलं नव्हतं. मी उलट्यांच्या मधल्या वेळात ऐकते.

हे मी कोणाला सांगणार? मुलगी म्हणेल, आय टोल्ड यू. म्हणून तुला लिहितेय, जिला पत्ता नाही.

परवा त्याने विचारलं, चार्टर करून घ्यायची मुदत होती ना, तेवढं केलं असतंस तर माणसं परत आली असती, तुझी सुटका झाली असती. मी म्हटलं, अरे, विसरलेच. आई, विसरले नव्हते. शेवटच्या दिवशी तासभर परमिट बदलायचं ते पान कॉम्प्युटरवर उघडून बसले होते, आणि मग बंद केलं.