पांढऱ्या पायांची नोंद

प्रिय वहिनी,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र फाडायला निघाली असशील, तर एवढं वाच आणि मग खुशाल फाड. पांढऱ्यावर काळं करणं हाच माझा धंदा, पण तुला चार ओळी लिहायला हात धजत नव्हता.

सध्या मराठी-इटालियन शब्दकोशाचं काम करतेय. खोली एक, टेबलं दोन, खिडकी उघडत नाही. समोर एक इटालियन बाई बसतात, त्यांचं मराठी माझ्याहून शुद्ध. गेला आठवडाभर आम्ही 'पांढरा' या एकाच शब्दात अडकलोय. 'पांढरपेशा' चटकन सुटला, त्यांच्याकडे पांढऱ्या कॉलरवाले आहेत. 'पांढऱ्यावर काळं' तर थेट सापडलं, नेरो सु बिआंको. झोप लागली नाही की ती माणसं म्हणे रात्र पांढऱ्यात काढतात. तशा माझ्या बऱ्याच निघतील, असं म्हटल्यावर बाई हसल्या. मीही हसले.

मग 'पांढऱ्या पायाची' आली. बाईंना वाटलं, गोरीपान, देखणी कुणी असेल. मी अर्थ सांगितला. त्यांच्याकडे 'येत्तात्रीचे' म्हणून शब्द आहे, पण त्यात दोष नजरेचा. आपल्याकडे बाईनं नुसतं चालत घरात येणंही पुरतं. शेवटी त्यांनी 'दुर्दैव आणणारी' एवढंच लिहून घेतलं. अर्थ बरोबर होता गं, पण त्यात आपलं स्वयंपाकघर नव्हतं. बाबांना जाऊन चार दिवस, तुझ्या लग्नाला एकवीस. तुझ्या हातात बाबांचा कप. आईनं तुला शब्दानंही दुखवलं नव्हतं. बोलले मी, घरातली शिकलीसवरलेली. तू कप विसळून पालथा घातलास, आणि महिन्याभरात तुम्ही दोघांनी बिऱ्हाड हलवलंत.

आमच्या कोशाचा एक नियम आहे. प्रत्येक अर्थाला आपल्या कानांनी ऐकलेलं वाक्य द्यायचं, आणि कार्डावर कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हणालं तेही लिहायचं. मी बिनदिक्कत 'एक शेजारीण, तिच्या सुनेला' असं लिहिलं. बाईंनी विश्वासानं सही केली. संध्याकाळी ते कार्ड मी परत काढून घेतलं.

नव्या कार्डाची नक्कल सोबत आहे. म्हणणारी, नणंद. कुणाला, भावजयीला. 'प्रसंग' या रकान्यात लिहिलंय ते दादालाही ठाऊक नाही. तुमच्या लग्नाच्या दोन महिने आधी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की बाबांचं हृदय फार दिवस साथ देणार नाही. लग्न पार पडेपर्यंत बोलू नकोस, अशी बाबांनी शपथ घातली. ते गेल्यावर मी घाबरले. आधी का नाही सांगितलंस, असं सगळे मला विचारतील म्हणून खापर तुझ्या पायांवर फोडलं. माझं चुकलं, वहिनी. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. हे दादाला वाचून दाखव. कार्ड शनिवारी द्यायचंय, वाक्य ठेवायचं की खोडायचं ते तू ठरव. बाबांचे रिपोर्टही सोबत पाठवतेय, ते इतकी वर्षं माझ्याच कपाटात होते. आधी त्यांवरची तारीख बघ.

तुझीच,
तू मुद्दाम चिडवायला म्हणायचीस ती,
वन्सं