शेजाऱ्याच्या पडद्यावरची नात

द्रेनोवाक, १३ सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि. तू आता मठातली माता येफ्रोसिनिया, पण माझ्या हाताला अक्काच लिहायची सवय. देवाने आणि तू चालवून घ्यावं.

शनिवारी सकाळी उठून प्रार्थना केली, आणि मग पहिलं काम काय केलं, तर आपल्या आणि व्हितोमीरच्या कुंपणातलं ते छोटं फाटक खिळे ठोकून बंद केलं. आईला सांगितलं, त्याच्या कुत्र्यामुळे. त्या कुत्र्याला आता कोंबड्यासुद्धा घाबरत नाहीत, हे आईला ठाऊक आहे. 

खरं कारण तुला लिहितो. दर रविवारी चर्चमधून आली की आई त्याच्याकडे जायची, आपल्या मेलबर्नच्या भावाशी, मिलोयेशी बोलायला आणि त्याच्या लेकीला, इसिडोराला बघायला. माझ्या फोनवर तिला नात म्हणजे नुसतं धुकं दिसतं. व्हितोमीरचा पडदा खिडकीएवढा. जाताना ताज्या भाजलेल्या चीजच्या गिबानित्साचा मधला तुकडा न्यायची. अक्का, तो तुकडा लहानपणापासून माझा आहे. परत आली की दिवसभर व्हितोमीर असा न् व्हितोमीर तसा, त्याने कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडला म्हणे.

मीही जोडणार. तयार आणला तर तो म्हणेल, पैसे टाकले की कुणालाही जमतं. एका डुकराच्या किमतीत बसवायचाय, आणि ३१ ऑक्टोबरला, आपल्या घराण्याच्या संत लुकाच्या सणाला, अख्ख्या गावासमोर आईने आपल्याच घरात नातीशी बोलायला हवं. मठात जाण्याआधी तू बेलग्रेडच्या दुकानात हेच काम करायचीस. काय काय घेऊ ते कळव. व्हितोमीरच्या डब्यात लाल-निळे दिवे लागतात. माझ्यात त्याहून जास्त हवेत.

तुझा,
राडिसाव


स्टुबिका मठ, २१ सप्टेंबर

चि. राडिसाव यास,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचून आधी हसले, मग तुझ्यासाठी एक मेणबत्ती लावली.

दिवे विसर. दिव्यांनी नात उजळ दिसत नाही. तू लिहिलं नाहीस तरी मला माहीत आहे, तुझा डोळा महागड्या ग्राफिक्स कार्डावर असणार. ते खेळ खेळणाऱ्या पोरांना लागतं. ज्याच्यात चित्राची सोय आतच असते असा साधा प्रोसेसर घे. मदरबोर्ड त्याच प्रोसेसरला बसणारा आहे ना, हे दुकानदाराला दोनदा विचार. नवशिके इथेच फसतात. मॉनिटर जुना चालेल, मोठा बघ. कॅमेरा लागेलच. पॉवर सप्लाय मात्र नवा आणि चांगला घे, तिथे कंजूषपणा केलास तर डुक्करही गेलं आणि कॉम्प्युटरही.

फाटकाबद्दल मी काही विचारत नाही. पण त्यानंतरचा रविवार आईने कसा काढला, तेवढं तू लिहिलं नाहीस.

आईला माझा नमस्कार सांग. तुझ्यावरची माया जपमाळेइतकीच हाताशी आहे.

अक्का


द्रेनोवाक, २५ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि. घात झाला. बसवाल्याच्या हाती हे पत्र देतोय, उत्तरही त्याच्याकडेच दे.

सगळे भाग आले होते. खोक्यांतून काढून जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या कापडावर मांडले होते, सणाला संताची भाकरी मांडतात तसे. आज सणाआधीचं पाणी मंतरायला फादर आले. मीच म्हणालो, फादर, यांनाही आशीर्वाद द्या. गेल्या वर्षी त्यांनी आपल्या ट्रॅक्टरला दिला तेव्हापासून तो एकदाही बंद पडलेला नाही. फादरनी तुळशीची जुडी पाण्यात बुडवली आणि हात अजिबात आखडता घेतला नाही. मदरबोर्डावर थेंब उभे राहिले. मी खुळ्यासारखा क्रॉसची खूण करत राहिलो.

आता सांग, लगेच जोडून चालू करू का? रविवार उरावर आलाय. आणि तू विचारलंस म्हणून लिहितो, रविवारी आई खिडकीपाशी बसते, कुंपणाकडे तोंड करून.

राडिसाव


स्टुबिका मठ, २६ ऑक्टोबर

चि. राडिसाव यास,
आशीर्वाद. प्लग लावू नकोस. वीज नव्हती म्हणून बहुधा काही बिघडलं नसेल. सगळं चुलीपासून लांब, कोरड्या खोलीत उभं करून ठेव आणि सण उलटेपर्यंत हात लावू नकोस. संत लुका थांबतील.

आई थांबेल का, ते तू ठरव. सणाला आपण कुणाला बोलवत नाही, ज्याला यायचं तो येतो. पण खिळे ठोकलेल्या फाटकापलीकडच्या माणसाला बोलावणं लागतं.

अक्का


द्रेनोवाक, २३ नोव्हेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि. सणाच्या सकाळी, मेणबत्ती लावायच्या आधी, सडकेने वळसा घालून व्हितोमीरकडे गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. दारात सगळं विसरलो आणि एवढंच म्हणालो की आईला नात बघायचीय.  त्याने कोट चढवला आणि म्हणाला, हातगाडी तुझी आणतोस की माझी घेऊ? कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून आम्ही सडकेने आणला. लोकांना वाटलं, आणखी एक डुक्कर आलं.

आई नातीशी बोलली. इसिडोराने मेलबर्नहून पडद्याला पापा दिला, आईने इकडून. यजमानाने दिवसभर बसायचं नसतं, म्हणून मी राकियाच्या पेल्यांची थाळी घेऊन मागेच उभा होतो. तेव्हा पडद्याच्या कडेला, ज्यांच्याशी बोलणं होतं त्यांच्या नावांची यादी दिसली. यादी कसली, एकच नाव होतं. आपल्या मिलोयेचं. व्हितोमीरचा व्हिएन्नातला मुलगा त्यात नव्हता. अक्का, ज्याचा मी एवढा हेवा केला, त्याच्याकडे रविवारी येणारं माणूस एकच होतं, आपली आई, आणि तिची वाट मी बंद केली.

सणानंतरच्या शनिवारी माझा कॉम्प्युटर जोडला. व्हितोमीर शेजारी बसला, हात लावला नाही. एकदाच खोकला, तेव्हा मी मेमरी उलटी घालत होतो. पहिल्याच झटक्याला चालू झाला. फादर म्हणतात, तुळशीचा गुण.

आई आता एक रविवार इथून बोलते, एक तिकडून. मधल्या तुकड्याचे दोन भाग करते आणि मोठा त्याला देते. मी बघतो, जळतो, आणि खातो.

कॉम्प्युटर ठेवायला टेबल नव्हतं. काल कुंपणातले खिळे उपटले, फाटक बिजागऱ्यांवरून काढलं, रंधा मारला आणि चार पाय लावले. तुला हे पत्र त्यावरच लिहितोय. कुंपणात आता फाटक नाही, नुसती वाट आहे.

राडिसाव