नियमाप्रमाणे करावे

११ मे १९८७, सोमवार
केबल पोचली! साडेअकराला शेवटचं टोक एक्स्चेंजच्या भिंतीतल्या भोकातून आत ढकललं. तारांच्या ऐंशी जोड्या, म्हणजे गावात ऐंशी फोन. ऑपरेटरला नंबर सांगून ताटकळायचं संपलं, चकती फिरवली की थेट घंटा! दोन महिने माझी माणसं हरमलच्या रस्त्याकडेनं चर खणत आली. सोनू परब, माझा लाइनमन, सावंतवाडीकडचा, केबलला हात लावून पायाच पडला. मी हसलो खरा, पण डोळे माझेही...

भिंतीच्या आतलं सगळं आगुस्तीनचं. यंत्र, जोड्या लावायची चौकट, बॅटऱ्या. वास्कोचा माणूस. तो आतल्या पथकाचा प्रमुख, मी बाहेरच्या. फेब्रुवारीपासून बोलणं बंद. भाषेचा कायदा होऊन कोकणी राजभाषा झाली त्या दिवशी त्यानं खुशीत सगळ्यांना मिरची भजी दिली. तो कोकणीवाला, मी मराठीवाला. मी बशी परत सरकवली. तेव्हापासून चिठ्ठ्या, आणि प्रत्येकीची प्रत पणजीच्या कचेरीला. आज क्र. ३१: ‘केबल पोचली आहे. पोच द्यावी.’

३० तारखेला गोवा राज्य होणार, त्याच दिवशी फोन सुरू व्हायचे. नाही झाले तर यंत्र दुसऱ्या गावाला देणार. पणजीच्या साहेबांनी तसं लिहूनच कळवलंय.

१४ मे
पहिली चाचणी. डॉक्टरांचा नंबर फिरवला आणि घंटा वाजली! वाजली! मग पलीकडून दणदणीत आवाज: “उंडे जाय काय कांकणां?”
पोदेराची पावभट्टी.
शाळा लावली तर देवळातले भटजी. बारा नंबर लावले, बाराही चुकले. सोनू पोट धरून हसत होता, त्याच्यावर खेकसलो.
चिठ्ठी क्र. ३२: दोष आतला आहे. तासाभरात उत्तर: दोष बाहेरचा आहे.

१६ मे
सापडलं! रस्त्यावरच्या केबलच्या पेटीत आम्ही जोड्या वरून खाली मोजल्या, आत चौकटीवर त्यांनी खालून वर. आमची पहिली ती त्यांची ऐंशीवी. एवढंच! कुणाला सांगायची गरजच नाही. सोमवारी पेटीतलं सगळं उलट लावून टाकतो. बघत राहील आगुस्तीन.

१८ मे
सात ते एक, ऐंशीच्या ऐंशी उलटवल्या. बोटं सोलली. दुपारी मोठ्या दिमाखात डॉक्टरांचा नंबर फिरवला.
“उंडे जाय काय...”
त्यालाही कळलं होतं. त्यानंही आज सकाळीच चौकट उलटवली, मला न सांगता. म्हणजे पुन्हा मूळपदावर! मग चिडून त्याच्या माणसांनी काही जोड्या परत फिरवल्या, आमच्यांनीही काही. आता कुठली जोडी कुठे, कुणालाच ठाऊक नाही.
सोनू: “साहेब, ह्या भितीक एक खिडकी पाडूया काय? तुमका दोघांक बोलूक बरा पडात.”
हसू आलं नाही.

२१ मे
फाइल चाळत होतो. चिठ्ठी क्र. १९, एप्रिलातली, आगुस्तीनची: ‘जोड्या वरून मोजायच्या की खालून? कळवावे.’ खाली माझ्या सुबक अक्षरात उत्तर: ‘नियमाप्रमाणे करावे.’
असा काही नियमच नाही. प्रश्न मला पोरकट वाटला होता, म्हणून ऐटीत लिहून मोकळा झालो. त्यानं विचारलं होतं! दोन पावलांवर बसला होता! भयंकर लाज वाटली. नऊ दिवस उरले. जूनच्या बढतीच्या यादीत माझं नाव आहे म्हणतात, ते राहतंय कसलं.
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, “मग मला काय सांगताय? त्याला सांगा.”

२३ मे
गेलो. दारातूनच म्हणालो, “आगुस्तीनबाब, एकोणिसाव्या चिठ्ठीला मी वेड्यासारखं उत्तर दिलं. चूक माझी.”
तो तारेला डाग देत होता, मान वर नाही. डाग देतादेताच म्हणाला: “हांवेंय परत विचारूंक ना. बसात.”
चहा मागवला त्यानं. प्यालो.
ठरलं. एक माणूस पेटीपाशी, एक चौकटीपाशी, कानाला हँडसेट. एकेक जोडी तोंडानं बोलून जुळवायची. तो म्हणाला, पोरांना बसवू. मी म्हटलं, नको, आपण दोघंच. पोरं पुन्हा ‘त्यांनी सांगितलंच नाही’ सुरू करतील.

२४ मे, रविवार
काय दिवस गेला! मी रस्त्यावर छत्री धरून, तो आत.
“एक?”
“एक. आयकूं येता.”
“दोन?”
“ना... रावात, थांबात... हां, दोन!”
तो कोकणीत मोजतो, मी मराठीत, एकदाही अडलं नाही. पंचविसाव्या जोडीपर्यंत कामापुरतं. तिसाव्याला त्यानं विचारलं, जेवायला काय आणलंय. चाळिसाव्याला राज्य आणि भाषेवरून कडाडून भांडलो, सगळं गेल्या फेब्रुवारीपासूनचं तुंबलेलं. लोक थांबून बघायला लागले, पेटीशी कोण एकटाच ओरडतोय! आणि भांडता भांडताच एक्केचाळीस, बेचाळीस जुळत गेल्या. साठीला तो मला ‘तूं’ म्हणायला लागला होता.
चौसष्ट झाल्या. उरलेल्या सोळा उद्या-परवा. घसा बसलाय, आनंद मावत नाही.

२७ मे
ऐंशी! डॉक्टरांचा नंबर फिरवला. “डॉक्टर बोलतोय.” मी नुसता ‘लागला!’ म्हणून ओरडलो. आगुस्तीननं हँडसेट घेतला आणि सांगितलं, “कांय ना दोतोर, खोशयेन केलो!” दोन्ही पथकं एकत्र नाचली. सोनू आतल्या माणसांच्या खांद्यावर.

२९ मे
उद्या दहाला साहेब येऊन यंत्र सुरू करणार. पण सकाळीच त्यांचं पत्र: दोन आठवडे वाया कुणामुळे गेले, दोन्ही प्रमुखांनी वेगवेगळं लेखी द्यावं, उद्या हातात.
बसलो आणि लिहिलं. क्र. १९, माझं उत्तर, पेटी न सांगता उलटवली, सगळं. चूक माझी. सही केली. बढती गेलीच. तरी वाटलं, पाठवण्याआधी त्यानं वाचावं. भिंतीपलीकडे जाऊन हातात दिलं.
दोनदा वाचलं त्यानं. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं.
म्हटलं, “दे. साहेबांना द्यायचंय.”
“फाल्यां पळोवया. चूक तुज्या एकल्याची न्हय. हांवें म्हजें अजून बरोवंक ना.” उद्या बघू म्हणे, त्याचं अजून लिहून व्हायचंय.
निघताना परत मागितलं. त्यानं नुसता खिशावर हात ठेवला आणि स्कूटर सुरू केली.