काटकसर कक्ष आणि ताईचा डोळा

ता. ४ एप्रिल

ति. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार नेहमीचाच, पण या वेळी तो जरा ताठ मानेने केलेला आहे, कारण बातमीच तशी आहे.

नव्या अर्थसंकल्पाबरोबर सरकारने खर्चकपातीचा कायदा केला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. दर महिन्याला प्रत्येक खात्याने बचत दाखवायची, नाहीतर पुढचा निधी आटणार. आमच्या नकाशे खात्यात त्यासाठी 'काटकसर कक्ष' उघडला आणि त्याचा प्रमुख कोण, तर तुझा बापू! कोपऱ्यातली मोठी खोली रिकामी करून रंगवली, पडदे लावले, हाताखाली तीन कारकून दिले. मला फिरती खुर्ची मिळाली. एवढा खर्च कशाला, असं मी विचारलं, तर साहेब म्हणाले की काटकसर गंभीर गोष्ट आहे आणि ती गंभीर दिसली पाहिजे. माझी जुनी लाकडी खुर्ची भांडारात गेली.

आठवड्याभरात मी फिरतीचा भत्ता कापला, कर्मचाऱ्यांना मिळणारी आगाऊ रक्कम थांबवली, दुपारचा चहा बंद केला. लोक आता मला लांबूनच नमस्कार करतात. पण खरी कमाल वैद्यकीय सवलतीत केली. कायद्यात नुसतं 'अवलंबित कुटुंबीय' असं मोघम लिहिलं होतं. मी परिपत्रकात खुलासा जोडला, 'एकाच छताखाली राहणारे'. साहेबांनी टेबलावर थाप मारली. इतकं स्वच्छ डोकं या खात्यात आजवर कोणाचं पाहिलं नाही म्हणाले.

तुझ्या उजव्या डोळ्याला धुरकट दिसतं, असं मागच्या पत्रात होतं. अंगावर काढू नकोस, डॉक्टरला दाखव.

लोभ असावा. त्यावर अजून कपात लागू झालेली नाही.

तुझा बापू


ता. ११ एप्रिल

चि. बापूस,

अ. उ. आ. तुझी ताठ मान पोचली. पत्र भिंगातून वाचलं, त्यामुळे ती आणखीच मोठी दिसली.

खर्च वाचवायला आधी खोली रंगवायची, ही युक्ती मला कधी सुचली नाही. नाहीतर मीही चार गिऱ्हाइकं गमावून माझ्या शिवणाच्या दुकानाला पडदे लावले असते. चहा बंद केलास तेही बरं झालं. माणसं घोटभर चहा पिऊन ताजीतवानी होतात आणि उगाच काम करत बसतात.

आता माझं ऐक. डॉक्टरकडे जाऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा इतका पिकलाय की आणखी थांबलं तर आतला दाब वाढून डोळाच जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन लगेच करायला हवं. इतकी वर्षं तुझी अविवाहित बहीण म्हणून तुझ्या ऑफिसच्या सवलतीत माझं नाव आहे, म्हणून दवाखान्यातल्या कारकुनाने तुमच्या खात्याची मंजुरी आणायला सांगितली आहे.

मशीनवर बसते अजून. शेजारीण सकाळी येऊन सुयांत दोरे ओवून जाते, ते संपले की माझा दिवस संपला. परवा एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. वकील आहे म्हणून खपून जाईल असं वाटलं होतं, पण त्याने परत आणला.

तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. माझ्या डोक्यावर छत आहे, तुझ्याही आहे. ती दोन्ही मिळून एक होतात का, एवढं तुझ्या स्वच्छ डोक्याला विचारून कळव.

आशीर्वाद आहेतच. ते वेगळ्या छताखालून दिलेले चालत असतील तर घे.

ताई


ता. १९ एप्रिल

ति. ताईस,

सा. न. वि. वि. मान खाली घालून.

साहेबांकडे गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की नियम करणाऱ्यानेच आपल्या बहिणीसाठी तो वाकवला तर खात्याची अब्रू काय राहील? शिवाय तो खुलासा त्यांनी वर कळवलाय, स्वतःच्या नावाने.

घरी आल्यावर तुझी भावजय म्हणाली की त्यात काय, ताईंना इथेच राहायला बोलवा. तिने अडगळीची खोली झाडूनसुद्धा ठेवली. पण ताई, त्या परिपत्रकात पुढचं एक कलमही माझंच आहे. राहणं सलग वर्षभराचं हवं. कोणी ऑपरेशनापुरती आपली माणसं रातोरात घरी आणून ठेवतील, म्हणून घातलं होतं. अशी लबाडी कोण करतो, असं तेव्हा एका कारकुनाने विचारलं होतं. त्याचं उत्तर मला आता मिळालं.

ऑफिसातून पैसे उचलून तुझा खर्च भागवावा म्हटलं, तर आगाऊ रक्कम बंद. कोणी बंद केली ते तुला ठाऊक आहे.

काहीतरी करतो. पण काय करतो ते मला माहीत नाही.

लोभ असावा, असं लिहायची या वेळी छाती होत नाही.

बापू


ता. २६ एप्रिल

चि. बापूस,

अ. उ. आ., अटी न घालता.

धन्य आहेस. चोर बाहेर राहावा म्हणून दारंखिडक्या चिणल्यास आणि बहीण बाहेर राहिली. लहानपणी लपाछपीत कपाटात शिरून दार असं ओढायचास की बाहेरची कडी पडायची, मग रडून घर डोक्यावर घ्यायचास. तेव्हा कडी काढायला मी असायचे.

थट्टा पुरे. मला भीती वाटते, बापू. हे अक्षर कसं मोठं आणि तिरकं झालंय ते तुला दिसतच असेल. आई गेल्यापासून तू नोकरीला लागेपर्यंत मी या मशीनवर घर चालवलं, तेव्हाही कधी घाबरले नव्हते. पण काल शेजारीण दारात उभी होती आणि ती बोलेपर्यंत मी तिला ओळखलं नाही. हात अजून चालतात, मनात कापड बेतता येतं. नुसतं डोळ्यांमुळे बसून राहायची वेळ आली तर मी कोणाचं तोंड बघायचं, आणि कशाने?

तू कक्षाचा प्रमुख आहेस की माझा भाऊ, ते मला या महिन्यात कळव. पुढच्या महिन्यात कळवलंस तर ते मला कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल.

ताई


ता. ३० एप्रिल

ति. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून रडलो. फिरत्या खुर्चीत बसून रडणं अवघड असतं, माणूस भलत्याच दिशेला तोंड करून बसतो.

मग डोळे पुसून महिन्याचा हिशेब मांडायला घेतला, पहिला अहवाल माझ्याकडेच होता. रंग, पडदे, खुर्ची, तिघांचे पगार एका बाजूला. चहा, भत्ता, आगाऊ रकमा आणि तुझा डोळा दुसऱ्या बाजूला. सगळ्या खात्यात उधळपट्टी करणारा विभाग एकच निघाला, माझा. मी लगेच प्रस्ताव लिहिला की सर्वांत मोठी बचत काटकसर कक्ष बंद केल्याने होईल.

साहेबांनी तो दोनदा वाचला. मग त्यांचा चेहरा खुलला. काटकसर करणारा कक्षच काटकसरीत काढणारे सगळ्या सरकारात आपण पहिले, असं त्यांच्या लक्षात आलं. सहीला त्यांनी पेनसुद्धा माझंच घेतलं. कक्षाबरोबर कक्षाची परिपत्रकंही रद्द झाली आणि जुना नियम परत आला. तुझी मंजुरी सोबत जोडली आहे. पत्र मिळताच दवाखान्यात जा, कारण बंद केलेल्या कक्षाच्या अनुभवाचा अभ्यास करायला साहेबांनी समिती नेमली आहे. माझी खोली, पडदे आणि खुर्ची समितीला दिली.

मी पुन्हा नळाजवळच्या टेबलावर. जुनी खुर्ची भांडारातून आणली, तिची बैठक पार खचली आहे. पण आज दुपारी चहा आला, आणि ज्याचा भत्ता कापला होता त्यानेच माझ्यापुढे कप ठेवला. मला फार लाज वाटली, ताई. तुझ्यासमोर वाटते तेवढीच.

तुझा भाऊ,
बापू


ता. २२ मे

चि. बापूस,

अ. उ. आ. उजवा डोळा झाला. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा घराच्या कोपऱ्यातली जळमटं दिसली. आधी ती मला सावल्याच वाटायच्या. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात होईल. तोवर तुमच्या समितीला काही सुचू देऊ नकोस, चहा पाजत राहा.

तुझी सगळी पत्रं भिंगाशिवाय वाचली. पहिलं वाचताना इतकी हसले की डॉक्टर रागावले असते.

सोबतच्या पार्सलात तुझ्या खचलेल्या खुर्चीसाठी गादी आहे. तुझ्या बायकोला ऑफिसात पाठवून माप मागवलं होतं, तिने तुला सांगितलं नसेल. शिवण बघ, एक टाका वाकडा नाही. सकाळी शेजारीण सुया ओवायला आली होती, तिला म्हटलं आज नुसती बस. दोरा मीच ओवला.

गादी त्या जुन्या खुर्चीच्याच मापाची आहे. फिरत्या खुर्चीवर ती बसणार नाही.

ताई