मोर्शीची रिकामी ओळ

मंगळवार, दिवेलागण. परतवाडा

बोंडअळीने कापूस गेला तेव्हापासून आमचं मदतकेंद्र खचलेल्या, जीव द्यायला निघालेल्या शेतकऱ्यांचे फोन घेतं. कोणत्या तालुक्याचा फोन कुठे वाजावा, ते कॉम्प्युटरमधल्या सेटिंगच्या एकाच फाइलीत लिहिलेलं असतं. मोर्शीचे कार्यकर्ते सोडून गेले, म्हणून काल मी त्यांचा नंबर पुसला. ओळ मात्र ठेवली. जन्मभर कविता शिकवली. फळ्यावरचा शब्द पुसून त्याची जागा राखायची, पोरं भरतील म्हणून. तीच सवय.

आज अकोल्याहून लेकीचा, नसरीनचा फोन. फाइल तीच सांभाळते.

"अब्बा, ते ओळच काहून नाई काढली? ओळ नसती तर फोन सीधा अमरावतीच्या मोठ्या केंद्राले गेला असता. ओळ हाये म्हून मशीन समजते नंबर हाये, अन् काहीच नसलेला नंबर फिरवून राह्यली."

"मले वाटलं, रिकामं म्हणजे नाहीच."

"तुमाले वाटलं. तिले नाई वाटत."

ओळ तिने काढली. मग हळूच म्हणाली, मोर्शीच्या एका माणसाने दुपारपासून तीनदा फोन केला. कुठेच वाजला नाही.

का ठेवली मी ती ओळ? कोणासाठी जागा राखत होतो?

तिने दिलेला त्याचा नंबर लावत राहिलो. पाचव्यांदा बायकोने उचलला. "ते झोपले हायेत जी. कोण बोलून राह्यले?"

दिवेलागणीला झोपले?

"बाई, आदी त्यायले उठवा."

ती आत गेली आहे. फोन कानाशी धरून हे लिहितो आहे. "अवो, उठा ना," ऐकू येतं. अजून हाकाच मारते आहे.