धुऱ्याला बाईचा हात

बाबा, भाऊ आज सकाळी आला होता. बोडीच्या तळ्याखालच्या धानाच्या बांधीवरचा माझा हक्क मी सोडते, असा कागद टाइप करून आणला होता त्यानं. सोबत वहिनीनं दिलेली साडी आणि घरच्या तांदळाची पिशवी. बाकीचं सगळं वावर तुम्ही जिवंतपणीच त्याच्या नावानं करून ठेवलं होतं. ही एक बांधी कशी कोण जाणे राहून गेली, आणि तुम्ही गेल्यावर तलाठ्यानं तिच्यावर आम्हा दोघांची नावं चढवली. तेवढं एक नाव त्याला आता पुसून हवं आहे. "बहिणी सोडूनच देतात व बाई," तो म्हणाला, "आत्यानं नाही दिलं का सोडून?" गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या माझ्या या भाड्याच्या खोलीत, माझ्याच खुर्चीवर बसून त्यानं खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडून माझ्यापुढं धरलं. राग त्याचा आला नाही मला. तो तुमचाच शिकवलेला आहे. राग तुमचा आला, आणि तो इतका आला की तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली तरी आज बसून तुमच्याशी भांडावंसं वाटतं आहे.

तुम्ही मला कमी केलं असं कोणी म्हणणार नाही. उलट गावात तुमचं नाव होतं, पोरीला पोरासारखं वाढवलं म्हणून. आमगावच्या बाजारात बियाणं घ्यायला तुम्ही मला सोबत न्यायचे, भाऊ घरी गोट्या खेळत असायचा. धानाचा दाणा दाताखाली फोडून ओल कशी बघायची, पऱ्ह्यांची रोपं किती हाताची झाली की उपटायची, रोप किती खोल खोचायचं, सगळं मला शिकवलं. मी दहा वर्षांची होते तेव्हा लोहाराकडं नेऊन माझ्या मुठीच्या मापाचा विळा घडवून घेतला होता. लोहार हसून म्हणाला, "पोरीले कायले एवढं कौतुक?" तर तुम्ही म्हणालात, "पोरगी कुठची, पोरगाच हाये माया." किती वर्षं मी त्या एका वाक्यावर फुशारले. विळा दिलात, रोवायला पऱ्हे दिलेत, कौतुक तर पोत्यानं दिलंत. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आणि तो दिवस. मी पंधरा वर्षांची होते, तुम्ही बाजाराला गेला होतात. आधीच्या रात्री पाऊस झाला होता आणि बोडीखालच्या बांधीचा धुरा एका कोपऱ्यात फुटला होता. तुम्हीच सांगायचे, धुरा आहे म्हणून बांधी आहे, भोवतीचा तो मातीचा वरंबा फुटला की पाणी खालच्याच्या वावरात आणि आपलं धान उन्हात. घरात कोणी पुरुषमाणूस नव्हतं, म्हणून मी तुमचा फावडा घेतला आणि माती ओढायला लागले. अर्धं भगदाड बुजलं असेल, तेवढ्यात तुम्ही धुऱ्यावरून झपाझप येताना दिसलात. मला वाटलं, शाबासकी मिळणार. तुम्ही हातातला फावडा हिसकून घेतलात. पाणी तसंच वाहत होतं, ते आधी बुजवावं असंही तुम्हाला वाटलं नाही.

"धुऱ्याले बाईचा हात लागत नाही."

"काऊन?"

"नाही लागत म्हणजे नाही लागत. रोवणं कर, निंदण कर, कोण नाही म्हणून राहिलं? धुरा आमचा."

घरी आल्यावर आईनं समजूत घातली की बाईनं माती टाकलेला धुरा टिकत नाही, अशी रीत आहे. मी विचार करून करून त्यातलं सगळ्यात गोड कारण निवडलं: माझ्या हाताला फोड येऊ नयेत म्हणून बाबा रागावले. शेतकीची पदवी घेतली तरी तेच धरून बसले होते.

तुम्ही गेल्यावर पाच-सहा वर्षांनी मी गांबियाला गेले. नकाशात शोधायलाच मला वेळ लागला होता. आफ्रिकेच्या पश्चिम कडेला, एका नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला चिंचोळा देश. तिथल्या खेड्यात भात पिकवणाऱ्या बायकांना बांध घालून पाणी अडवणं आणि ओळीत रोवणी शिकवायला एका संस्थेला स्वयंसेवक हवे होते. झाडीपट्टीतली, धानाच्या गावची, वर पदवी असलेली. मला लगेच घेतलं. गावात लोक म्हणाले, लग्नाचं वय काढलं आणि आता हबशांच्या देशात चालली. तुम्ही असता तर काय म्हणाला असता, ते मला आजही ठरवता येत नाही.

राजधानीहून माझ्या गावाला जायला अख्खा दिवस लागायचा. आधी तराफ्यावरून नदी ओलांडायची, त्या तराफ्यावर ट्रक, बकऱ्या, शेंगदाण्याची पोती आणि माणसं एकात एक. मग पलीकडं एक खटारा गाडी, ती भरल्याशिवाय सुटायची नाही. लाल मातीचा रस्ता, उतरेपर्यंत केस, भुवया सगळं लाल. मला एका मोठ्या अंगणातली खोली दिली होती, वर टिनाचा पत्रा, दुपारी आत बसवत नसे. विहिरीचं पाणी बादलीनं आणायचं. जेवण एका मोठ्या परातीत, भोवती सगळ्या बायका, उजव्या हातानं आपापल्या समोरचा भात खायचा. त्यात शेंगदाण्याचा रस्सा नाहीतर धुरी दिलेली मासळी. हातानं जेवता येतं म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांच्यात जमा झाले. तिथं कोणी भेटलं की नुसतं नमस्कार-चमत्कार करून सुटका नाही. विचारतात, घरची माणसं कुठं आहेत? आणि उत्तर ठरलेलं: आहेत तिथंच. आई तुमच्या आधीच गेलेली, तुम्हीही नव्हता, तरी मी दिवसातून पन्नासदा म्हणायची, आहेत तिथंच.

त्या बायकांच्या मंडळाची एक मुख्य होती. आडव्या हाडाची, मोठ्या आवाजाची, बकऱ्यांचा कळप बाळगून असलेली, भांडणाला कधी मागं न सरणारी. तिची भाषा मला हळूहळू यायला लागली ती मनात आपल्या बोलीतच उतरायची, म्हणून तशीच लिहिते. थोडं बोलता यायला लागल्यावर शिकवायला म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्या खाचरात गेले, तर ती कमरेवर हात ठेवून उभी.

"तुयं वावर कोठं हाये?"

मी म्हटलं, माझ्या देशात, गावी, भाऊ बघतो.

"भावाचं नाही विचारलं. तुयं?"

"माझं नाही."

तिनं मागं वळून बाकीच्यांना सांगितलं आणि सगळ्या खो खो हसल्या. बिनवावराची बाई शेती शिकवायला आली. त्यांच्यात वरची कोरडी जमीन पुरुषांची, तिथं शेंगदाणा. आणि खाली नदीकाठची दलदल बायकांची. ती आईकडून लेकीला, सासूकडून सुनेला जाते, नवऱ्याचा तिच्याशी संबंध नाही. हसून झाल्यावर तिनं आपल्या मेलेल्या बहिणीच्या वावराचा एक तुकडा मला दाखवला. म्हणाली, इथं असेपर्यंत हा तुझा, आधी स्वतःचं पिकव, मग आम्हाला शिकव. बाबा, आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला तुझा म्हणून जमिनीचा तुकडा दिला, तो चार समुद्रांपलीकडच्या परक्या बाईनं. त्या दिवशी खोलीवर येऊन मी आनंदानं रडले असं घरी फोनवर सांगितलं. खरं म्हणजे मी संतापानं रडले होते.

मग बांध घालायचे दिवस आले. गावच्या झाडाखाली सभा झाली, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मी उभी राहून सांगितलं की आमच्याकडं धुऱ्याचं काम पुरुष करतात आणि रोवणी बायका, इथंही तसंच करू. मला त्यात वावगं काही दिसलंच नाही. श्वास घ्यावा इतक्या सहज बोलून गेले. पुरुष लगेच तयार झाले, टाळ्यासुद्धा वाजवल्या. बायका उठून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी पऱ्ह्यांपाशी एकही बाई आली नाही. दिवस वर आल्यावर ती मुख्य बाई माझ्या दारात येऊन उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"तुले कोणी पाठवलं? आमच्या माणसांनी?"

"नाही. काय झालं?"

"पलीकडच्या गावात जाऊन पाय. तिथंबी असेच आले होते साहेब लोक. माणसांनी माती उचलली, बांध घातला. पुढच्या पावसात वावर माणसांचं झालं. बायका आता तिथं मजुरीनं जाऊन राहिल्या, आपल्याच आईच्या वावरात. ज्यानं माती उचलली, वावर त्याचं. हे तुमच्या देशात नाही का?"

ती म्हणाली, "बांध आम्ही घालू. तू बी घाल."

संस्थेचा साहेब माझ्यावर भडकला, काम महिनाभर लांबेल म्हणून. लांबू दे म्हटलं. आणि आम्ही बायकांनी, आखूड दांड्याच्या कुदळी घेऊन, गुडघाभर चिखलात वाकून बांध घातले. एकमेकींना शिव्या देत, गाणी म्हणत. माझे हात फुटले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या तुकड्याचा बांध पुरा झाला, मी कंबर सरळ करायला उभी राहिले, आणि तुम्ही मला समोर दिसलात. फावडा हिसकणारे.

कारण तुमच्याच तोंडून मी हजारदा ऐकलं होतं. आपले पूर्वज माळव्यातून आले, इथं नुसती झाडी होती, त्यांनी झाडं तोडली, धुरे घातले. ज्यानं धुरा घातला त्याची बांधी. अंगणात पाहुणे जमले की तुम्ही छाती पुढं काढून सांगायचे. म्हणजे तुम्हाला माहीत होतं! रीत, टिकणं, हाताचे फोड, हे सगळं आम्हा बायकांसाठी ठेवलेलं. तुम्हाला नीट ठाऊक होतं की धुऱ्यावर या पोरीची माती पडली तर उद्या ती हिशेब मागेल. म्हणून पाणी वाहत असतानाही तुम्ही आधी फावडा घेतलात. पंधरा वर्षांच्या पोरीला घाबरलात तुम्ही. आणि तिनं ते प्रेम समजून जन्मभर जपून ठेवलं. ज्या परक्या घरी जायचं म्हणून मला वाटा नव्हता, ते घर कधी झालंच नाही. ते दिसत असूनही तुम्ही बाकीचं सगळं भावाच्या नावानं केलंत. निदान एकदा बोलायचं तरी होतं. मी मागितलं नसतं, हेही तुम्हाला माहीत होतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त टोचतं.

आज सकाळी भाऊ पेन धरून बसला होता. मी त्याला यातलं काही सांगितलं नाही. दलदल, कुदळी, माळवा, त्याला काय कळणार. तो म्हणाला असता, तिकडल्या लोकांचं इथं काय? पण रागाच्या भरात मी म्हणाले, "बाबांनी मला दिली आहे ती बांधी."

"कवा?"

"गोंदियाच्या दवाखान्यात. तू सुरतेच्या कामावरून यायच्या आधी. मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, बोडीखालची बांधी तुही. म्हणून तर ती एकच तुझ्या नावानं केली नाही त्यांनी."

त्यानं पेनचं टोपण लावलं. "मले काऊन नाही सांगितलं बाबानं?" एवढंच म्हणाला. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली, चहा न घेता उठला, आणि दारात थांबून म्हणाला, "बाबा तसे न्यायाचेच होते." साडी आणि तांदूळ ठेवून गेला.

तुम्ही असलं काही म्हणाला नव्हतात, बाबा. शेवटच्या दिवशी तुम्ही पाणी मागितलं आणि भावाची गाडी आली का, एवढंच विचारत राहिलात. आता भावाच्या लेखी तुम्ही न्यायाचे झालात, तो हे गावभर सांगेल, आणि हा मान तुम्हाला मी मिळवून दिला. हे पत्र जिथं पाठवायचं तिथं टपाल जात नाही, आणि जात असतं तरी मी टाकलं नसतं. कारण तुमच्या आवाजात ते वाक्य बोलताना, क्षणभर, ते खरं आहे असं मलाही वाटलं, आणि मला रडू फुटलं. भावाला वाटलं, तुमच्या आठवणीनं.