तुमच्या वर्गातल्या मोटारी

बाबा, मागच्या रविवारी तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी व्हिडिओ कॉलवर तुमची आठवण काढली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. लॉकडाऊनमुळे सगळेच घरात अडकलेले, म्हणून पुण्यापासून जर्मनीपर्यंतचे जमले. मी इथे आयर्लंडात, नावनला, हॉस्पिटलची ड्यूटी संपवून स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसले. मुलगी म्हणून मला आधी बोलायला लावलं. माझं दोन वाक्यांत संपलं.

मग ते सुरू झाले. मोटार नवी नवी होती तेव्हाचे दिवस तुम्ही पॉलिटेक्निकात काय रंगवायचात म्हणे! सायकलवाले, लोहार, बग्ग्या बनवणारे, जो उठेल तो आपल्या शेडमध्ये मोटार जोडत होता. वाफेची, विजेची की पेट्रोलची, कुठली टिकणार हे कुणालाच माहीत नव्हतं. विलायतेत मोटारीपुढे लाल निशाण घेऊन माणूस चालायचा, हे सांगताना तुम्ही लाल फडकं उंच धरून वर्गभर चाललात आणि मागून एकाने बाक ढकलत आणला. तो बाक ढकलणारा सगळ्यांत जास्त बोलला. "सर मला मुलासारखं मानायचे," म्हणाला. सगळे हसत होते, मीही हसले, पण आतून नुसती जळत होते.

घरी तुम्ही जेवताना एक शब्द बोलायचा नाहीत. अकरावीत असताना मी कणीक मळत विचारते, "बाबा, तुम्ही वर्गात काय शिकवता?" तुम्ही चहाचा कप घेऊन उभे आहात, माझ्याकडे बघतही नाही. "तुला काय करायचंय? तू बायोलॉजी बघ." बघितली. डॉक्टर झाले.

कॉल संपला तेव्हा माझा लेक प्रेसमधली, म्हणजे कपाटातली, बिस्किटं काढत होता. "मॅम, ही वॉज ग्रेट क्रॅक!" इथे आईला मॅम आणि मजेदार माणसाला असंच म्हणतात. "डिड ही डू दॅट फॉर यू?"

"नाही," म्हटलं.

आज त्या बाक ढकलणाऱ्याला मीच फोन केला.

"ताई, सगळं ठीक ना?"

"हो हो. ते वाफेच्या गाडीचं काय सांगायचे हो बाबा?"

तो तासभर बोलला. बॉयलर तापेपर्यंत मालक कसा ताटकळायचा, विजेची गाडी शेजारून कशी गुपचूप निघून जायची. त्याचा हेवा अजून जात नाही. हे सगळं त्याला फुकट मिळालं, आणि मला ते त्याच्याकडे मागावं लागलं.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. पण बोलता बोलता त्याने तुमची नक्कल केली, अगदी तुमच्या आवाजात विचारलं, "कळलं का?" आणि मी म्हणून गेले, "हो बाबा."